पिनबॉल घरी आणताय? लिमिटेड की प्रीमियम

पिनबॉल म्हणजे तिरक्या टेबलावर पोलादी बॉल टोलवायचा खेळ. त्याची मशीन बनवणारी अमेरिकन कंपनी स्टर्न एकच खेळ तीन रूपांत काढते: साधी प्रो, तिच्यावर प्रीमियम आणि सगळ्यांत वर, मोजक्याच निघणारी लिमिटेड एडिशन. घोडं अडतं ते वरच्या दोघींत. माझ्याकडे गॉडझिला या खेळाची प्रीमियम आहे, इथे कोल्हापुरातच ताराबाई पार्कातल्या मित्राकडे त्याच खेळाची लिमिटेड. दोन्हींवर पोटभर खेळून झालंय.

खेळायला दोन्ही सारख्याच. कोसळणारी इमारत, तुटणारा पूल, नियम, सॉफ्टवेअर, कशात फरक नाही. लिमिटेडला वेगळी चित्रं, आरशाची बॅकग्लास (मशीनच्या डोक्यावरची उभी चित्रकाच), खेळावर न चमकणारी काच, मशीन हादरवणारी शेकर मोटर आणि १००० पैकी आपला नंबर असलेली पट्टी. खोलीतले दिवे मालवले की ती बॅकग्लास अशी उजळते की माझी मशीन तिच्यापुढे फिकी पडते, हे मान्यच. काच आणि शेकर मात्र प्रीमियमलाही नंतर बसवता येतात.

माझा निर्णय केला तो पोच्यांनी. प्लेफिल्ड, म्हणजे बॉल पळतो तो पाट, शेवटी क्लिअर कोटचा पारदर्शक थर मारलेलं प्लायवूड, आणि बॉल ८० ग्रॅम पोलादाचा. तो उडून आपटला की लाकूड दबणारच. नव्या मशीनवर थोड्याच दिवसांत रॅम्पच्या, म्हणजे बॉल वर चढतो त्या वाटेच्या, तोंडाशी बारीक खळगे दिसायला लागतात. ट्यूबलाइटचा उजेड तिरका पडला की जास्तच. हा बिघाड नव्हे, आणि जादा पैसे मोजले म्हणून लिमिटेड त्यातून सुटत नाही. खेळत राहिलं की खळगे एकमेकांत मिसळतात आणि नजरेला टोचेनासे होतात. पण तेवढं खेळायला जीव झाला पाहिजे. मित्राच्या घरी पोरांनी बॉल जरा जोरात हाणला की तो टॉर्च घेऊन काचेवर वाकतो. ‘बास रे आता’ म्हणतो, खेळ तिथेच संपतो. मला ते बघवत नाही.

पुढे भाव चढेल, या हिशेबाने घेणार असाल तर जरा सबुरीनं. नंबरवाली पुन्हा निघत नाही, पण तोच खेळ नव्या रूपात काढायला कंपनी मोकळी असते. गॉडझिला सिनेमाला ७० वर्षं झाली तेव्हा, २०२४ मध्ये, खास प्रीमियम आलीच. विल्यम्स या जुन्या कंपनीची १९९७ची मेडिव्हल मॅडनेस ही मशीन दुर्मीळ म्हणून मिरवायची. पुढे शिकागो गेमिंग या दुसऱ्या कंपनीने ती नव्याने बनवली.

शिवाय लिमिटेड जाहीर होताच बुक करावी लागते. तेव्हा सॉफ्टवेअर बहुधा अर्धवटच असतं, आणि आधी खेळून बघायला कोल्हापुरात मशीन कुठे आहे? प्रीमियमला थांबता येतं.

पावसाळ्यात दोघींचेही बॉल तपासत राहा. गंजलेला बॉल प्लेफिल्ड पॉलिशपेपरसारखा घासतो.

माझ्या मशीनचा एक ब्रॅकेट वाकला, तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये तसाच करून घेतला आणि बसवला. मित्र अशा वेळी ओरिजिनलसाठी अडून राहतो, तोवर मशीन बंद.

संग्रह जपायची हौस असेल आणि घरात खेळणारे हात कमी असतील, तर लिमिटेड शोभेल. पोरंबाळं, त्यांचे दोस्त रोज येणार असतील तर मी म्हणेन प्रीमियमच बघा, आणि वाचलेल्या पैशातून आधी शेकर बसवा.