युसुपोव्ह राजवाडा, सेंट पीटर्सबर्ग : रास्पुतिनच्या तळघरासाठी वेगळे तिकीट काढावे का?

मोइका नदीकाठच्या युसुपोव्ह राजवाड्यात रशियाच्या शेवटच्या राजघराण्याच्या मर्जीतला बुवा रास्पुतिन याच्या खुनाचे प्रदर्शन असून, त्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १६ डिसेंबर १९१६ च्या रात्री या वाड्याच्या उमराव घराण्यातील फेलिक्स युसुपोव्हने ज्या तळघरात रास्पुतिनला पाहुणा म्हणून बोलावले, तेथे दोघांचे मेणाचे पुतळे मांडले आहेत. ठेंगणे छत आणि अरुंद जिना यांमुळे जागेचा परिणाम निश्चित होतो. मात्र विष पचवून आणि गोळ्या झेलूनही उठणाऱ्या बुवाची जी कथा येथे येणारा प्रत्येकजण मनात घेऊन येतो, ती मुख्यतः मारेकऱ्यांनीच सांगितलेली आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. खून पाहून रास्पुतिन कसा मेला ते कळते. सायबेरियातील पोक्रोव्स्कोये गावचा हा अर्धशिक्षित शेतकरी राजघराण्याला इतका हवासा का झाला, ते कळत नाही. त्याचे उत्तर १९०४ मध्ये जन्मलेल्या युवराज अलेक्सेईच्या हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, आहे. १९१२ च्या शरद ऋतूत पोलंडमधील स्पाला येथे अंतर्गत रक्तस्रावाने मुलगा मरणाच्या दारी पोहोचला, अंतिम धर्मविधीही उरकले गेले. तेव्हा मुलगा मरणार नाही आणि डॉक्टरांनी त्याला फार त्रास देऊ नये, अशी रास्पुतिनची तार आली आणि त्यानंतर रक्तस्राव थांबला. तो योगायोग होता की डॉक्टरांचा हात थांबल्याचा परिणाम, याची चर्चा इतिहासकार आजही करतात. आईच्या, म्हणजे सम्राज्ञी अलेक्झांड्राच्या, दृष्टीने प्रश्न तेथेच मिटला होता. त्यातच युवराजाचा आजार प्रजेपासून लपवलेला असल्याने या माणसाच्या राजवाड्यातील येण्याजाण्याचे कारण लोकांना ठाऊक नव्हते, आणि ती पोकळी सम्राज्ञी अलेक्झांड्राविषयीच्या ओंगळ अफवांनी भरून काढली. १९१५ मध्ये तिचा पती सम्राट निकोलस दुसरा सैन्याची सूत्रे घेऊन मोगिल्योव्हच्या लष्करी मुख्यालयात गेल्यावर तिच्या पत्रांतून ‘आमच्या मित्रा’च्या, म्हणजे रास्पुतिनच्या, शिफारशी त्याच्यापर्यंत जाऊ लागल्या, आणि पुढे सुमारे वर्षभरात देशाने चार पंतप्रधान पाहिले. त्या सर्व उलथापालथीचे खापर एकट्या रास्पुतिनवर फोडणे अन्यायाचे होईल, परंतु त्या काळी ते फोडले गेलेच.

हे सारे समजून घ्यायचे असेल, तर शहराच्या दक्षिणेस त्सार्स्कोये सेलो येथील अलेक्झांडर राजवाड्याला अधिक वेळ द्यावा. राजकुटुंबाची खासगी दालने दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये खुली झाली असून, सम्राज्ञीच्या जांभळ्या दालनात या कुटुंबाच्या बंदिस्त, धास्तावलेल्या आयुष्याची कल्पना येते.

मोइकाकाठी मुख्य तिकीट जरूर काढावे, कारण वाड्यातील छोटेखानी नाट्यगृह अप्रतिम आहे. तळघराचे तिकीट मात्र वरील इतिहास आधी वाचलेल्यांनीच घ्यावे.