पकड मोजायचं मशीन घेतलं, त्याचा सहा महिन्यांचा अनुभव

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी बाबांना डेंग्यू झाला. बारा दिवस नुसते पडून होते. ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या, आणि गणपतीच्या दिवशी नेहमीसारखे पाटावर जेवायला बसले. जेवण झालं आणि उठताच येईना. एक हात जमिनीवर, दुसरा गुडघ्यावर, मग टेबलाचा पाय धरला, अर्धे उठले आणि परत खाली बसले. शेवटी ह्यांनी काखेत हात घालून उभं केलं. बाबा काहीच बोलले नाहीत, सरळ हात धुवायला गेले, पण तो चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. वय ७२, आणि आजारी पडायच्या आदल्या आठवड्यापर्यंत हा माणूस रोज सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर तासभर चालत होता.

मग घरी फिजिओथेरपीच्या ताई यायला लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बॅगेतून हे मशीन काढलं आणि बाबांना मूठ आवळायला लावली, आकडा आला २३.४ किलो. आपल्या आशियातल्या लोकांसाठी डॉक्टर जी मर्यादा धरतात ती पुरुषांना २८ आणि बायकांना १८, त्याच्या खाली गेलं की ताकद कमी समजतात. दर वेळी ताईंच्या मशीनची वाट बघण्यापेक्षा घरात एक असावं म्हणून मी ऑनलाइन मागवलं, हँड डायनॅमोमीटर म्हणून सर्च केलं की येतं, मला अडीच हजारांच्या आसपास पडलं. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण पहिला पीस खराब आला होता, बॅटरीचं झाकणच बसत नव्हतं, पण बदलून नीट मिळाला.

दिसायला साधं आहे. प्लॅस्टिकची मूठ, वर छोटा स्क्रीन, मधे एक चकती, ती फिरवून मूठ लहान-मोठी होते. ही चकती महत्त्वाची आहे बरं का, आईचा हात छोटा, बाबांच्या सेटिंगवर तिने दाबलं तर दोन-अडीच किलो कमीच यायचं, तेव्हा प्रत्येकाचं सेटिंग कागदावर लिहून ठेवा. मोजताना खुर्चीत बसायचं, कोपर काटकोनात, हात अंगाला लागून, तीनदा दाबायचं, मधे मिनिटभर विश्रांती, आणि सगळ्यात जास्त आलेला आकडा धरायचा. एकदा उभं राहून आणि एकदा बसून मोजलं तर तुलना होत नाही, पहिले दोन आठवडे आम्ही हीच चूक केली. आणि श्वास कोंडून दाबू नका, बाबांना बीपी आहे म्हणून ताईंनी हे दहादा सांगितलं. मी शेजारी बसून म्हणायचे, बाबा श्वास सोडा, दाबा, अजून दाबा, आणि त्यांच्या मनगटावरच्या शिरा फुगून वर यायच्या.

आता व्यायामाचं सांगते, कारण मशीन घेण्यामागचं कारण तेच. मला वाटायचं रोज चालतात म्हणजे सगळं ठीक आहे. ताईंनी समजावलं की दम वेगळा आणि ताकद वेगळी. चालण्याने हृदय आणि दम चांगला राहतो, पण स्नायूंमधले जे झटकन जोर लावणारे तंतू असतात, खुर्चीतून उठायला, पाय घसरला तर सावरायला लागणारे, ते निवांत चालण्यात फारसे वापरलेच जात नाहीत आणि वयाबरोबर तेच आधी बारीक होतात. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर वेग अजून वाढतो, आणि ताकद तर स्नायूंपेक्षाही भराभर उतरते. त्यात पडून राहणं म्हणजे फारच वाईट. २००७ साली अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम १० दिवस झोपवून ठेवलं होतं, तेवढ्यात पायांचे जवळपास एक किलो स्नायू गेले होते. बाबा तर तापाने बारा दिवस झोपून, त्यात जेवण जात नव्हतं.

व्यायाम सगळे घरातलेच. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं, आणि पाठीला नातवाची जुनी शाळेची बॅग, त्यात आधी एक किलो तूरडाळीचं पाकीट, मग दोन, आता चार आहेत. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. दहा-बारा वेळा आरामात जमायला लागलं की वजन वाढवायचं, हा नियम ताईंनी अजिबात मोडू दिला नाही. जेवणात डाळ, दही, अंडं वाढवलं, बाबांची किडनी ठीक आहे हे डॉक्टरांना विचारूनच.

आणि इथे मशीनबद्दलची माझी खरी तक्रार येते. तीन महिन्यांनी बाबांचा आकडा होता २५.१, सहा महिन्यांनी २६. म्हणजे एवढी मेहनत करून अडीच किलो! बाबांचा मूडच गेला, म्हणाले काय उपयोग आहे मग. त्यात हे मशीन आकड्याच्या खाली इंग्रजीत ‘वीक’, म्हणजे अशक्त, असं दाखवतं, प्रत्येक वेळी, आणि ते बंद करायची सोयच नाही. आजारातून उठलेल्या माणसाला दर आठवड्याला वीक म्हणून दाखवणं मला अजिबात पटलं नाही, मी शेवटी त्या जागेवर चिकटपट्टी लावली.

पण त्याच काळात ताई अजून एक टेस्ट घेत होत्या ज्याला काही खर्च नाही. साधी खुर्ची, हात छातीवर, पाच वेळा उठायचं-बसायचं आणि मोबाइलवर वेळ लावायची. १२ सेकंदांच्या आत व्हायला हवं. बाबांना पहिल्यांदा १७.८ सेकंद लागले होते, तीन महिन्यांनी १३.९, आणि मार्चमध्ये १०.६. सगळा फरक पायात होता, कारण व्यायाम पायाचा होता, मुठीचा आकडा त्याने फार हलत नाही. हे मला खरेदीच्या आधी कोणी सांगायला हवं होतं. मुठीची पकड ही एकूण तब्येतीची खूण म्हणून चांगली आहे, २०१५ साली भारतासकट १७ देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला होता, त्यात पकड कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं आणि वरच्या बीपीपेक्षाही पकडीवरून अंदाज चांगला बांधता आला. पण व्यायामाचा फायदा होतोय की नाही हे मुठीवरून ठरवू नका.

वयाचं म्हणाल तर उशीर झाला असं कोणी म्हणूच नये. १९९० मध्ये अमेरिकेत बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या माणसांना ८ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं, त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत त्यातली बरीचशी ताकद उतरलीही, म्हणून आम्ही लग्नसराईतसुद्धा दिवस चुकवला नाही.

आईचं वेगळंच निघालं. तिचा आकडा १६ च्या पुढे सरकेना, मला काळजी वाटली, मग कळलं तिचा अंगठ्याचा सांधा दुखतो म्हणून ती पूर्ण दाबतच नव्हती. सांधेदुखी असेल तर हे मशीन ताकद नाही, दुखणंच मोजतं. तिच्यासाठी आम्ही फक्त खुर्चीच ठेवली.

घ्यायचं का? घरात साठीच्या पुढचं कोणी आजारातून उठलं असेल आणि फिजिओ चालू असेल तर घ्या, महिन्यातून एकदा मोजा, रोज नको. बॅटरी सहा महिन्यांत एकदाच बदलली, मशीन बंद पडलं नाही, मॅन्युअलची अक्षरं फार बारीक आहेत. पैसे मोजायचे असतील तर आधी फिजिओच्या चार व्हिजिटला द्या. ५ पैकी ३ स्टार, त्या ‘वीक’ मुळे एक कापला आणि एक आईच्या अंगठ्यासाठी.

फेब्रुवारीत आम्ही बाबांना घेऊन पर्वतीला गेलो होतो. १०३ पायऱ्या, डिसेंबरमध्ये चार ठिकाणी थांबले होते, यावेळी एकदाच, ते पण खाली पुण्याकडे बघायला. आणि परवा पाडव्याला पाटावर बसले, श्रीखंड पुरी खाल्ली, एक हात टेकला आणि उठले.