रोलँड जेएक्स-८पी सिंथेसायझर, ११ महिने वापरल्यावर. बॅटरी गेली म्हणून लिहितेय

परवा रविवारी प्रॅक्टिसला निघायच्या आधी कीबोर्ड ऑन केला आणि माझे ३२ च्या ३२ पॅच (स्वतः बनवून साठवलेले आवाज) गायब. म्हणजे नावांच्या जागी वेडीवाकडी अक्षरं, आणि की दाबली की कुठे शिट्टी, कुठे नुसती खरखर, कुठे काहीच नाही. फॅक्टरीचे ६४ आवाज शाबूत होते कारण ते रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत असतात, पण माझे आतल्या बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत होते. रात्री जेवणं उरकून हेडफोन लावून बनवलेले, ते सगळे गेले. डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितेय, कुणी सेकंडहँड बघत असेल तर उपयोगी पडेल.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहितीच आहेत, १९८५ चं मशीन, सहा व्हॉइस (एकावेळी सहा सूर), दोन डीसीओ (मूळ सूर तयार करणारे भाग), ॲनालॉग फिल्टर, ते परत लिहीत नाही. मी घेतला तो एका आवाजासाठी. 'द फायनल काउंटडाउन'च्या सुरुवातीची ती तुतारी. युरोप हा स्वीडनचा बँड, गाणं १९८६ चं, कीबोर्डवर मिक मिखाएली, आणि त्याने तो आवाज काढताना जेएक्स-८पीवर स्वतः बनवलेला ब्रास (तुतारीसारखा आवाज) वापरला होता. शाळेत असताना दादाच्या कॅसेटवर ऐकलेलं हे, तेव्हापासून डोक्यात आहे. ६८ हजाराला मिळाला, जपानी मॉडेल म्हणजे १०० व्होल्टचा, त्यामुळे पुण्यातल्या तपकीर गल्लीतून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा आणावा लागला. तो खर्च धरून चला, आणि घाईत कुणी सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन घालू नका.

पहिल्या दिवशी ब्रास लावला, एफ शार्प मायनरमध्ये ती ओळ वाजवली आणि अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. इतका किरकोळ आवाज! ओळख पटत होती पण छाती भरत नव्हती. मग साहजिकच वाटलं आपण एडिट करू, आणि इथे या मशीनचं खरं दुखणं सुरू होतं.

एक स्लायडर. सगळ्या मशीनचं एडिटिंग एका स्लायडरवर. पॅनेलवर पॅरामीटरचे (आवाजाच्या एकेका सेटिंगचे) नंबर छापलेत, ते बघायचं, चपट्या मेंब्रेन बटणांवर नंबर दाबायचा, बटण लागलं की नाही हे बोटाला कळत नाही म्हणून डिस्प्लेकडे बघायचं, मग स्लायडर हलवायचा. एका आवाजात चाळीसच्या वर पॅरामीटर आहेत. कटऑफ (आवाजाचा उजळपणा) थोडा उघडला की रेझोनन्स (त्याचा टोकदारपणा) बघावासा वाटतो, रेझोनन्स बघितला की एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो), प्रत्येक वेळी परत नंबर, परत बटण, परत तो एकच स्लायडर, आणि तेवढ्यात आधीचा आवाज कसा होता तेच कानातून निघून जातं. रोलँडने यासाठी पीजी-८०० नावाचा भरपूर स्लायडरवाला वेगळा प्रोग्रामर विकला होता. आज तो एवढा डबा कीबोर्डच्या निम्म्याहून जास्त किमतीला मागतात. मी नाही घेणार. जी गोष्ट मशीनवरच असायला हवी होती तिचे वेगळे पैसे मी का मोजू? बटणाने हळूहळू करीन पण घेणार नाही.

म्हणूनच पॅच गेल्याचं इतकं लागलं. एकेक आवाज या छळातून काढलेला होता.

दुरुस्तीचं सांगते. एका दुकानात नेला, नाव लिहीत नाही, त्यांनी उघडून न बघता मेन बोर्ड गेलाय म्हणून १४ हजार सांगितले. मी म्हटलं अहो, फॅक्टरीचे आवाज व्यवस्थित वाजतायत, मग बोर्ड कसा गेला, तर म्हणे मॅडम जुनं मशीन आहे, असंच होतं. उचलून घरी आणला. आमच्या बासवाल्याचे मामा पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, त्यांना बोलावलं. मामांनी डायनिंग टेबलावर चादर अंथरली, झाकण काढलं, टॉर्च तोंडात धरून दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि मल्टिमीटर लावला. सीआर२०३२, जी तीन व्होल्ट हवी ती १.१ वर आलेली. बोर्डाला डाग देऊन बसवलेली होती, त्यामुळे सेलसारखी काढून बदलता येत नाही. त्यांनी जुनी काढली, त्या जागी छोटा होल्डर बसवला, नवीन बॅटरी घातली. बॅटरी ४० रुपये, होल्डर १५. मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा आणि पोहे घेतले. विकत घेताना आधी विचारा, बॅटरी कधी बदलली आणि होल्डर आहे का. मी विचारलं नव्हतं.

इथपर्यंत लिहून दोन दिवस ठेवलं होतं. आता आवाजाबद्दल माझं मत बदललंय, ते लिहिते.

मिखाएलीने तो ब्रास एकटा वापरलाच नव्हता. त्यावर यामाहाच्या टीएक्स-८१६ चा थर होता, म्हणजे एका रॅकमध्ये जवळजवळ आठ डीएक्स-७ (यामाहाचे एफएम पद्धतीचे सिंथ). मी ११ महिने अर्ध्या आवाजाला पूर्ण समजून या बिचाऱ्या मशीनवर चिडत होते. लॅपटॉपवर डेक्स्ड म्हणून डीएक्स-७ ची फुकट नक्कल मिळते, जेएक्सची मिडी आउट (कुठली की दाबली हे कळवणारी जोडणी) त्यात दिली आणि एक कडक एफएम ब्रास खाली ठेवला. झालं! जेएक्स देतो तो रुंद ऊबदार फुगवटा आणि एफएम देतो सुरुवातीची धार. शून्य रुपयात. मी उभी राहून परत परत तीच ओळ वाजवत होते, आई आतून विचारायला आली की काय झालं.

दुसरी गोष्ट गिटारची. आमचा गिटारवाला माझा चुलतभाऊ, तो पहिल्यापासून म्हणतोय, "ताई, तू सगळी जागा खातेस, मी कुठे वाजवू?" मला राग यायचा. पण हे भांडण त्या बँडमध्येही होतंच, युरोपचा गिटारवाला जॉन नोरम, त्याला सिंथचा एवढा पुढे पुढे करणारा आवाज पटत नव्हता आणि १९८६ संपायच्या आत तो बँड सोडून गेला. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडमध्ये उलटं, तिथे गिटारवाला एडीच ओबरहाइम ओबी-एक्सए सिंथ घेऊन बसलेला आणि बाकीच्यांना ते नको होतं. शेवटी एडीच्या घरच्या स्टुडिओत 'जंप' हे गाणं रेकॉर्ड झालं आणि १९८४ मध्ये अमेरिकेत पाच आठवडे एक नंबरवर राहिलं.

मग भावाला घेऊन बसले आणि नीट ऐकलं. डिस्टॉर्शनवर पूर्ण कॉर्ड वाजवली की तिसरा सूर घाण करतो, म्हणून गिटारवाले षड्ज-पंचम एवढंच धरतात. मेजर की मायनर हे सांगणारा गंधार मग मोकळाच राहतो, तो सिंथने द्यायचा. मी डाव्या हाताने खालचे जाड सूर भरत होते, ते बंद केले, हायपास फिल्टर (खालचा जाडपणा कापणारा) वर घेतला, उजव्या हातात तीनच सूर ठेवले. भाऊ एका टेकमध्ये म्हणाला, "आता बरोबर." सहा व्हॉइस कमी पडतात अशी माझी तक्रार होती, ती मी मागे घेते. युरोपचा गायक जोई टेंपेस्टने ती मूळ ओळ मिखाएलीच्याच कॉर्ग पॉलिसिक्स सिंथवर काढली होती, तोही सहाच व्हॉइसचा.

स्लायडरबद्दल मात्र मत तेच आहे. ३२ पैकी ११ पॅच परत बनवलेत, प्रत्येकाचे सगळे आकडे आता शंभर पानी वहीत नंबरवार लिहून ठेवतेय, एका पॅचला एक पान.

बाकी राहिला आफ्टरटच. की दाबून धरून अजून जोर दिला की ब्रिलियन्स (आवाजाची चमक) वाढायला हवा, माझ्याकडे अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबल्यावर थोडा वाढतो. कीखालची पट्टी जुनी झालीय, हे बहुतेक सगळ्या जेएक्समध्ये होतं म्हणतात. मामा म्हणाले गणपती झाले की सगळ्या कीज काढून बघू. पुण्यात कुणी हे काम केलं असेल तर पट्टी कुठून आणली आणि किती पडले ते खाली लिहा.