एकच तट, पाच खेळ: रोलप्लेइंगमध्ये नियम किती हवेत?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या चार-पाच जणांनी मिळून रोलप्लेइंग खेळ (प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र घेऊन, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) सुरू करायचा, तर नियमपुस्तकाच्या जाडीवरून निवड करू नये. एक प्रसंग घ्यावा: रात्र, पाऊस, यळ्ळूरच्या राजहंसगडाचा शेवाळलेला तट, आणि तुमचं पात्र तो चढतंय. कुठला खेळ इथे काय विचारतो, त्यावरून त्याचा स्वभाव कळतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती (२०१४) आकडा विचारते. वीस बाजूंचा फासा टाका, ताकद आणि अ‍ॅथलेटिक्सचे गुण मिळवा, गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या आणि निकाल देणाऱ्या माणसाने, ठरवलेला आकडा गाठा: सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडला २०. चढताना वेग निम्मा, म्हणजे एका पाळीत ३० फुटांऐवजी १५. पडलात तर दर १० फुटांमागे एका सहाबाजू फाशाइतकी इजा.

‘पाथफाइंडर’ची दुसरी आवृत्ती (२०१९) याहून घट्ट. पाळीत तीन क्रिया मिळतात. चढाई जमली तर बहुतेक पात्रं ५ फूट वर जातात, आकड्यापेक्षा १० जास्त पडले तर १० फूट, १० कमी पडले तर कोसळतात. वाद उरत नाही, हा मोठा फायदा. पण त्या वेळी लागू असलेले, फाशात मिळवायचे वा वजा करायचे अधिक-उणे आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि लढाई रेंगाळते. ते टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्यांवर मांडून ठेवावेत. नियम अडला तर गेम मास्टरने तिथल्या तिथे निर्णय द्यावा, पुस्तक नंतर उघडावं.

‘डंजन वर्ल्ड’ला (२०१२) लुडोच्या डब्यातले फासे बहुतेक वेळा पुरतात. दोन फाशांची बेरीज अधिक गुण: १० किंवा वर आले तर चढलात, ७ ते ९ आले तर काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा कमी आले तर पुढचं संकट गेम मास्टर आणतो. खरी गोम मधल्या निकालात आहे. गुण +१ असेल तर तो ३६ पैकी १६ वेळा येतो, म्हणजे जवळपास निम्म्या वेळा गेम मास्टरला किंमत सुचायला हवी. इथेच नवखे अडखळतात. प्रत्येक ठिकाणासाठी तीन किमती आधीच लिहून ठेवाव्यात: दोर तुटतो, मशाल विझते, पहारेकरी जागा होतो. नियम कमी झाले तेवढं काम माणसावर आलं.

‘फेट कोअर’ (२०१३) पात्र कोण आहे ते विचारतो. चार फासे टाकायचे. खास फासे नसतील तर साध्या फाशावर १-२ म्हणजे उणे एक, ३-४ म्हणजे शून्य, ५-६ म्हणजे अधिक एक. पात्राची ओळख वाक्यात लिहिलेली असते. ती प्रसंगाला लागू पडली तर एक फेट पॉइंट (खेळाडूकडे मोजकेच असलेले खर्चायचे गुण) देऊन +२ मिळतात. ‘शूर’ एवढंच लिहिलं तर खेळ फसतो, कारण ते पात्राला कधी अडचणीत आणत नाही. ‘दिलेला शब्द मोडत नाही’ हे दोन्ही बाजूंनी चालतं. सीमाभागात आणखी एक सोय: ही वाक्यं एकाने मराठीत, दुसऱ्याने कन्नडमध्ये लिहिली तरी बिघडत नाही. पाथफाइंडरमध्ये मात्र इंग्रजी संज्ञा सगळ्यांना पाठ हव्यात.

‘फियास्को’ (२००९) तट चढलात का, हे विचारतच नाही. गेम मास्टर नसतो, ३ ते ५ खेळाडू लागतात. तुम्ही प्रसंग मांडलात तर शेवट गोड की कडू ते बाकीचे ठरवतात. त्यांनी मांडला तर तुम्ही. माणशी दोन रंगांचे मिळून चार फासे लागतात, म्हणजे पाच जणांना वीस. मोठ्या आवाजाचा एक जण सगळा खेळ ओढून नेतो, हा इथला धोका. प्रसंग पाच मिनिटांत संपवण्याचं आधीच ठरवावं.

दर रविवारी बसणार असाल आणि एक जण तयारी करायला राजी असेल, तर पाचवी आवृत्ती घ्या. सगळेच नवे आणि हातात एकच दुपार असेल, तर ‘डंजन वर्ल्ड’. नाटकात काम केलेली मंडळी असतील, तर सरळ ‘फियास्को’. ‘पाथफाइंडर’ पहिल्याच बैठकीला नको.