फ्रेममधला पेरू देशाचा पतंग: पाचपैकी साडेतीन

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरी हॉलमध्ये लावायला ही फ्रेम मागवली. आत पेरूचा युरेनिया लेइलस, आणि खाली छापलंय ‘फुलपाखरू’! अहो, हा पतंग आहे, दिवसा उडणारा. दीड तारा तिथेच कापला. पण विक्रेत्याला तरी काय बोलणार? सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनेही १७५८ साली याला पॅपिलिओ म्हणून फुलपाखरांतच घातलं होतं; युरेनिया हा वेगळा वंश (जातींचा गट) कीटकतज्ज्ञ फॅब्रिशियसने केला तो १८०७ मध्ये. मिशा बघितल्या की कळतं: धाग्यासारख्या, टोकाला फुलपाखरासारखी गाठ नाही. माझ्या फ्रेममधली उजवी मिशी तुटून डिंकाने चिकटवलेली आहे, तेही कळतं.

रंगाला मात्र तोड नाही. पंखांचा पसारा सुमारे ७ सेंटिमीटर, मखमली काळ्यावर चकचकीत हिरवे पट्टे, मागच्या पंखांना पांढरट शेपट्या. खिडकीशी नेऊन फ्रेम जरा कलती केली की हिरव्याचा निळा होतो, अगदी धूपछाँव पैठणीसारखा. ही रंगद्रव्याची नव्हे, खवल्यांच्या सूक्ष्म रचनेची करामत. लेक म्हणाली, “आई, मोर!”

काच स्वच्छ आहे. मागचा हुक डुगडुगतो; मी सरळ दुसरा लावला.