दाढीच्या ब्रशची लाकडी मूठ: तेल, चपडा, सुपर ग्लू, इपॉक्सी की पीयू?

कातकाम येणाऱ्याला ब्रशची मूठ काढायला फार वेळ लागत नाही. ४० मिमी चौरस आणि ७० मिमी लांब ठोकळा लेथवर चढवायचा, आधी नॉटचा, म्हणजे केसांच्या जुडग्याचा, खळगा पाडून घ्यायचा आणि मग बाहेरचा आकार उतरवायचा. ५० ते ५५ मिमी उंचीची मूठ हातात येते. अडतं ते पुढे, हिच्यावर मारायचं काय या प्रश्नाशी. लाटणं धुऊन उभं केलं की सुकतं. ब्रशला रोज गरम पाणी, साबण, ओला हात आणि केसांच्या बुडाशी साठलेलं पाणी सोसावं लागतं. त्यात मराठवाड्याची हवा अशी, की मे महिन्यात पारा ४२ अंशांवर आणि दुपारच्या हवेत ओल नावाला, तर ऑगस्टमध्ये तेच लाकूड दमट हवेने फुगलेलं.

दुकानात माणूस चकाकी बघून फिनिश ठरवतो. तिथेच चुकतं. मूठ सहसा लाकडाच्या नसा उभ्या ठेवून कातलेली असते, त्यामुळे तिचा तळ, खळग्याचा तळ आणि खळग्याची कड ही नसांची उघडी तोंडं असतात. नळ्यांची मोळी उभी धरल्यासारखं हे काम आहे. बाजूने आरसा आणि तळ कोरा अशी मूठ आधी तळाकडून काळवंडते, मग कडेला पापुद्रा सुटतो. म्हणून खालच्या प्रत्येक फिनिशला एकच प्रश्न विचारायचा: या तीन जागा तो किती बंद करतो?

जवसाचं तेल

लातूर-धाराशिवकडे घाण्याचं जवसाचं तेल मिळतं, त्यामुळे पहिला विचार त्याचाच येतो. जवस हवेतला प्राणवायू घेऊन खरोखर घट्ट होतं, नुसतं सुकत नाही. पण कच्च्या तेलाच्या एका हाताला कित्येक दिवस लागतात. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘बॉइल्ड’ तेलात वाळवणारे क्षार घातलेले असतात, ते साधारण दिवसभरात पुढच्या हाताला तयार होतं. पाच-सहा हात द्यायचे. प्रत्येक हात १५ मिनिटं मुरू द्यायचा आणि वर राहिलेलं तेल पूर्ण पुसून काढायचं. पुसलं नाही तर वर चिकट साय धरते आणि ती महिनाभर तशीच राहते. करडईचं तेल फिकट असतं पण अर्धवटच वाळतं. शेंगदाणा आणि खोबरेल वाळतच नाहीत, खवट मात्र होतात. घरात आहे म्हणून ती लावू नका.

तेलाच्या मुठीची पकड सुरेख असते, ओल्या हातातून निसटत नाही. तडे जायला वर थरच नसतो, आणि खरवडलं तर तेवढ्याच जागी परत तेल लावता येतं. पण पाणी ते अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं. बाभळीसारख्या घट्ट लाकडावर, एकट्याच्या वापरात आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक हात द्यायची तयारी असेल तर ठीक. आंब्याच्या लाकडावर हा नाद करू नये, ते स्पंजासारखं पितं. शिसवाच्या जातीच्या लाकडातले नैसर्गिक घटक तेलाचं वाळणं अडवतात, तिथे आठवड्यानंतरही बोट चिकटतं.

एक धोका गंभीर आहे. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर जास्तच. बोळा पसरून उघड्यावर वाळवायचा किंवा पाण्यात बुडवून ठेवायचा.

चपडा आणि लाख

कातारी पाळण्याच्या दांड्यावर लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंग बसतो. तोच हात ब्रशवर फिरवावासा वाटणं साहजिक आहे. चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या शुद्ध लाखेच्या पापुद्र्यांचं, पॉलिशही सुताराकडे तयारच असतं. तरीही ब्रशसाठी हा पर्याय सरळ बाद करावा. लाख उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते आणि अल्कलीमध्येही विरघळते. दाढीचा साबण अल्कलीयुक्त असतो. म्हणजे गरम पाणी, साबण आणि दाढीनंतरचं स्पिरिटवालं लोशन, लाखेचे तिन्ही वैरी एकाच कपाटात. आधी पांढरे डाग पडतात, नंतर मूठ हाताला चिकटू लागते.

चपड्याचा एक उपयोग मात्र उरतो. मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात तेलकट सागवानावर खालचा थर म्हणून चालतो, वर दुसरा फिनिश बसणार असेल तर. मेण असलेला साधा चपडा त्या कामाला नको, वरचा थर सोलून निघतो.

सुपर ग्लू

पेन कातणाऱ्यांनी लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. पातळ सुपर ग्लूचे दोन-तीन थेंब टिश्यू पेपरवर घ्यायचे, लेथ ३०० ते ५०० फेऱ्यांवर ठेवायचा आणि एका दमात टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं. दोन मिनिटं थांबून पुढचा हात. पहिले तीन-चार हात लाकूड पिऊन टाकतं, मग थर दिसायला लागतो. एकूण दहा-बारा हात. त्यानंतर ६०० ते २००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर) ओला करून क्रमाने फिरवला की काच तयार. सगळं काम एका बैठकीत उरकतं, याच्यापेक्षा वेगवान काही नाही.

सुती चिंधी वापरू नका. कापसावर सुपर ग्लू इतका तापतो की धूर निघतो आणि बोट भाजतं. डोळ्यांना चष्मा हवा, आणि वाफ नाकात जाऊ नये म्हणून पंखा पाठीमागून नाही, बाजूने लावायचा.

बिघडतं कुठे? मेच्या दुपारी ग्लू टिश्यूवरच घट्ट व्हायला लागतो, वळ उठतात. पावसाळ्यात तर हवेतली ओलच त्याला घट्ट करते, थर पांढुरका होतो. जाड हात देऊन वरून अॅक्टिव्हेटर, म्हणजे ग्लू झटकन घट्ट करणारा फवारा, मारला की बुडबुडे अडकतात. पण सगळ्यात मोठी खोट वेगळीच आहे. मूठ लेथवर असताना तळ उघडा नसतो. मूठ कापून काढल्यावर तळाला घाईत एक हात मारला जातो, किंवा तोही नाही. म्हणून तळ वरच्या दिशेला करून त्यावर पातळ ग्लू सोडायचा, मुरू द्यायचा, आणि लाकूड प्यायचं थांबेपर्यंत पुन्हा सोडत राहायचं. खळग्यातही तसंच. खळगा बंद करायला पातळ सुपर ग्लूइतकं सोपं काही नाही, बाहेरून तुम्ही काहीही लावा.

थर कडक असतो, ओट्यावरून फरशीवर पडला तर टवका उडतो, आणि टवक्यातून शिरलेलं पाणी थराखाली पांढरा डाग धरतं. सागवान आणि शिसवाच्या तेलकटपणामुळे ग्लू नीट धरत नाही. आधी अॅसिटोनने पुसून ओल उडाली की लगेच पहिला हात द्यायचा. तासाभराने दिला तर तेल परत वर आलेलं असतं.

इपॉक्सी

जाड, काचेसारखा, एक-दोन हातांतच पुरेसा थर. छिद्रं मोठी असलेल्या किंवा तडा भरलेल्या लाकडावर हाच बरा दिसतो. मात्र मूठ चार-सहा तास सावकाश फिरत राहिली पाहिजे, नाहीतर तळाशी थेंब लोंबतो. पाच मिनिटांत चिकटणारा इपॉक्सी हा गोंद आहे, फिनिश नव्हे. तो पाण्यात लवकर हार मानतो आणि पिवळा पडतो. थरासाठीचा सावकाश घट्ट होणारा रेझिनच घ्यायचा, आणि रेझिन व त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचं डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते नीट वाचायचं. अंदाजपंचे मिसळलेला रेझिन कायम चिकट राहतो, त्यावर उपाय नाही, खरवडून काढावा लागतो.

दोन गोष्टी इथल्या हवेमुळे बोलाव्या लागतात. दमट दिवसात काही हार्डनर वर तेलकट पापुद्रा आणतात. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, घासूनच पुढचा हात द्यायचा. दुसरं, साधे रेझिन ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतात. दाढीच्या मगातलं कढत पाणी किंवा उन्हात उभ्या गाडीतली बॅग एवढं तापवू शकते, मग बोटांचे ठसे उमटतात.

दोन घटकांचा पीयू

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. फर्निचर पॉलिश करणाऱ्या कारागिराला ‘पीयू’ म्हटलं की कळतं. शेजारी मेलामाइन या दुसऱ्या फिनिशचा डबाही असतो. तो स्वस्त आणि लवकर वाळणारा, पण थर ठिसूळ आणि वासही डोळे चोळायला लावणारा. लाकूड फुगतं-आटतं त्याबरोबर पीयूचा थर थोडा ताणला जातो, मेलामाइनचा तडकतो. ब्रशसाठी दोघांत पीयूच.

मुठीचा पृष्ठभाग इतका लहान असतो की एका हाताला एक-दीड मिली पुरतं. त्यामुळे चमच्याने मोजू नका, सुई काढलेली सिरिंज वापरा. पीयूचा मूळ द्रव आणि हार्डनर यांचं प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं, डब्यावरचंच पाळायचं. पहिला हात थिनरने पातळ करून, म्हणजे नसांच्या तोंडात शिरतो. खळग्याच्या तळाला पाडलेल्या बारीक भोकात तार अडकवून मूठ टांगायची आणि तळ, बाजू, कड सगळं एकाच वेळी रंगवायचं. पीयू बाकीच्यांवर मात करतो तो याच ठिकाणी: तळ विसरला जात नाही. हातांमध्ये चार-सहा तास, मध्ये ४०० नंबरचा पेपर, एकूण तीन-चार हात. वापराआधी आठवडाभर ठेवायचं, कारण हाताला सुकलेला थर आतून अजून घट्ट होत असतो.

चुका नेहमीच्याच. उन्हात मारला तर वरची साय आधी धरते आणि आतला थिनर बुडबुडा होऊन फुटतो. पाऊस चालू असताना मारला तर हार्डनर हवेतल्या ओलीशी रमतो आणि बारीक फोड येतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, पावसाळ्यात उघडीप बघून. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. ब्रशने मारताना हवा खेळती हवी, फवारणार असाल तर साधं फडकं किंवा कार्ट्रिजचा मास्क यांवर विसंबू नका, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा.

फिनिशच्या आधीचं, जे फिनिशला वाचवतं

बाभूळ जड, घट्ट आणि सहज मिळणारी. बैलगाडीची चाकं तिची होत ती उगाच नाही. पण ओली बाभूळ टोकांना फाटते, म्हणून कापल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जुना रंग लावायचा. किनवटच्या बाजूचा सागवान टिकाऊ, पण तेलकट. कडुलिंब मधला. शिसवाचा भुसा काहींच्या कातडीला आणि श्वासाला चांगलाच बाधतो.

१२०, १८०, २४०, ३२० असा पेपर संपला की ओल्या फडक्याने मूठ पुसा. सुकल्यावर उठलेली कूस, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, ४०० ने उतरवा. हे टाळलं तर पहिल्या आंघोळीला ती फिनिशखालून उठते.

२२ मिमीच्या नॉटसाठी खळगा २२.५ मिमी आणि १२ ते १४ मिमी खोल ठेवा. ऑगस्टमध्ये घट्ट बसवलेली नॉट एप्रिलमध्ये कड फोडते. लाकूड आटतं तेव्हा भोकही आवळतं, आणि नॉटचं प्लास्टिकचं बूड दबत नाही. अर्धा मिलीमीटर मोकळा ठेवला की गोंद ती फट भरतो. खळग्याच्या तळाचं २ मिमीचं भोक हवेसाठी आहे. नसेल तर अडकलेली हवा नॉट वर ढकलते आणि सकाळी ती तिरकी बसलेली दिसते. डुकराच्या केसांची नॉट पाणी जास्त धरते आणि उशिरा सुकते, सिंथेटिक लवकर. तेलाची मूठ हवीच असेल तर तिच्यात सिंथेटिकच बसवा.

कोणी काय घ्यावं

विकायला दहा-वीस मुठी करत असाल तर पीयू, आणि खळग्यात सुपर ग्लू. घरची एकच मूठ आजच्या आज हवी तर सुपर ग्लू, फरशीवर पडणार नाही या बेताने. तडा भरलेलं देखणं लाकूड भेट द्यायचं तर इपॉक्सी, सोबत ‘कढत पाण्यात उभा करू नका’ एवढं सांगून. तेल ज्याला देखभालीचा कंटाळा नाही त्याला. सलूनसाठी कोणी मागितली तर पीयूच द्या, पण तिथे ब्रश दिवसभर ओला राहतो, म्हणून लाकडाऐवजी प्लास्टिकची मूठ सुचवणंही प्रामाणिकपणाचं ठरेल.

बोअरच्या जड पाण्याने मुठीवर पांढरट पुट चढतं आणि फिनिश गेला असं वाटतं. लिंबाची फोड चोळून धुवा. पुट निघालं तर तो क्षार होता. तसंच राहिलं तर पाणी थराखाली शिरलंय, आणि तो भाग घासून नव्याने करावा लागेल. पक्कं करण्याआधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर तोच फिनिश सगळीकडून लावा, पुरता घट्ट झाल्यावर वजन करा, आठ दिवस रोज दहा मिनिटं साबणाच्या गरम पाण्यात ठेवा आणि शेवटच्या दिवशी पुसून पुन्हा वजन करा. काटा जितका वर गेला तितकं पाणी आत गेलं.