कॉलेज रोडवरची छोटी लायब्ररी आणि एक कादंबरी

दिवाळीपासून कॉलेज रोडवरच्या एका छोट्या लायब्ररीची सभासद आहे. पुस्तकांना कव्हरं घातलेली, पानं शाबूत. इंग्रजीचं कपाट मात्र विस्कळीत, हवं ते सापडत नाही. पण काउंटरवरच्या काकांची जाण मोठी. "ताई, हे वाचाच," म्हणत त्यांनी काझुओ इशिगुरो यांची 2005 सालची 'नेव्हर लेट मी गो' हातात ठेवली.

निवासी शाळेतली मुलं. चित्रं काढतात, रुसतात, मैत्री करतात. आणि त्यांना वाढवलं जातं ते इतरांना अवयव देण्यासाठी. मोठेपणी त्यांच्यावर पहारा नसतो, तरी ती पळून जात नाहीत. लहानपणापासून थोडं थोडं सांगून सगळं अंगवळणी पाडलेलं. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

कारण मला इगतपुरी आठवलं. 2022 मध्ये तिथली कातकरी मुलं थोडे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. वेठबिगारीविरोधी कायदा 1976 चा! मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हजेरीपटावर 'स्थलांतरित' हा शेरा मी कितीदा लिहिला असेल. पोर कुठे गेलं, कुणाकडे गेलं, हे एकदाही विचारलं नाही. आता विचारते.

पुस्तक आठ दिवस उशिरा परत केलं. काकांनी दंड घेतला नाही. उलट आमच्या शाळेतल्या बाईंसाठी आणखी पंधरा दिवस माझ्याच नावावर लिहून दिलं.